चपलेचा बोया, नटाचं वजन, पाइपचं स्टँड: गरवायच्या घरगुती सामानाचा रिव्ह्यू

गरवायचा, म्हणजे गळाने मासे पकडायचा, नाद लागला की माणूस रॉड आणि रील घेऊन थांबत नाही, हे ज्याला नाद आहे त्याला सांगायला नको. रॉड-रील एकदाच घेतलं जातं, त्याचं काही वाटत नाही, पण त्यानंतर जे सुरू होतं ना, बोये (पाण्यावर तरंगून मासा लागल्याचं दाखवणारे), वजनं, रॉड ठेवायचं स्टँड, मासा लागला की वाजणारा अलार्म, डबे, डब्यात बसणारे छोटे डबे, गळ काढायचं हत्यार, हे सगळं मिळून रॉडपेक्षा जास्त पैसे कधी खातं ते कळत पण नाही. मी गेली तीन वर्षं यातलं जमेल तेवढं घरी बनवून वापरतोय. काही गोष्टी विकतच्या शेजारी लावून मुद्दाम तपासल्यात, काही पहिल्याच दिवशी फेल गेल्या, आणि एक-दोन इतक्या चांगल्या निघाल्या की आता ती वस्तू विकत घ्यायचा विचारच येत नाही. तर हा त्या सगळ्याचा मिळून एक रिव्ह्यू समजा.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. मासा लागल्यावर त्याची ओढ ज्या ज्या वस्तूतून जाते, म्हणजे गळ, तंगूस (नायलॉनची दोरी), स्विव्हल (फिरणारी जोडकडी), स्नॅप (उघड-बंद होणारी कडी), रिंग, ती वस्तू विकतची आणि चांगलीच पाहिजे. ओढ ज्यातून जात नाही ते सगळं घरी बनवा बिनधास्त. हे मला कोणी शिकवलं नाही, मासा घालवून शिकलोय, ते पुढे येईलच.

बोयापासून सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त वेळ मी त्यातच घालवलाय. विकतचे बोये दिसायला सुंदर असतात पण दगडावर एकदा आपटला की रंगाला तडा जातो, त्यातून पाणी आत शिरतं आणि मग तो बोया तिरका उभा राहायला लागतो. मी आधी थर्मोकोल करून पाहिला. हलका असतो, पाहिजे तसा कापता येतो, म्हटलं यापेक्षा सोपं काय. छान गोल घासला, मधून काडी घातली, आणि वरचं टोक लांबून दिसावं म्हणून घरातलं लाल नेलपॉलिश लावलं. लावल्या लावल्या जिथे ब्रश टेकला तिथे थर्मोकोल आत ओढला जायला लागला, बर्फावर गरम पाणी पडल्यासारखे खड्डे पडले, आणि दोन मिनिटांत निम्म्या बोयाचा चिकट गोळा झाला. कारण नेलपॉलिशमधल्या सॉल्व्हंटमध्ये थर्मोकोल विरघळतो, स्प्रे पेंटचं पण बहुतेक तसंच. ॲक्रिलिक रंग लावला तर टिकतो हे नंतर करून पाहिलं. पण थर्मोकोलचा दुसरा प्रॉब्लेम रंगाने सुटत नाही, तो म्हणजे त्याचे दाणे सुटतात आणि पाण्यात जातात, ते कुजत नाहीत, आणि मासे ते खाणं समजून तोंडात घेतात. ज्या पाण्यातून आपण मासा काढतो त्यात हे टाकायचं मनाला पटत नाही, म्हणून थर्मोकोल मी पूर्ण बंद केला.

त्याच्या जागी आली जुनी रबरी चप्पल. खरंच सांगतो, झिजलेल्या चपलेच्या सोलपेक्षा चांगलं बोयाचं मटेरियल मला अजून सापडलेलं नाही. पाणी पीत नाही, आपटून फुटत नाही, नेलपॉलिश त्यावर नीट बसतं. करायचं असं की टाचेकडचा जाड भाग घ्यायचा (पुढचा भाग झिजून पातळ झालेला असतो), धारदार ब्लेडने बोटाएवढा चौकोनी तुकडा कापायचा, सायकलचा जुना स्पोक गॅसवर गरम करून मधून आरपार घालायचा म्हणजे सरळ भोक पडतं, आणि हे खिडकी उघडून करा, धूर होतो थोडा. मग त्याच स्पोकवर तो तुकडा अडकवून पॉलिश पेपरवर फिरवत फिरवत घासायचा, आधी जाडा पेपर मग बारीक, दहा मिनिटांत मस्त पेरूच्या आकाराचा होतो. भोकात इअरबडची पोकळ प्लास्टिकची काडी घालायची, त्यातून तंगूस जातो आणि रबराला कापत नाही. पाहिजे त्या खोलीवर बोया अडकवायला टूथपिकचं टोक काडीत दाबायचं. इतकंच.

आता महत्त्वाचं, बोया किती वजन उचलेल. इथे बरेच जण अंदाजाने शिसं लावतात आणि मग एकतर बोया आडवा पडतो नाहीतर बुडतो. हिशोब अगदी सरळ आहे, बोया जितके मिलिलिटर पाणी बाजूला सारतो तितके ग्रॅम तो उचलतो, त्यातून बोयाचं स्वतःचं वजन वजा करायचं. माझा एक बोया १२ मिलीचा आहे (औषधाच्या मापाच्या कपात बुडवून पाहिलं, पाणी किती वर चढतं ते), वजन भरलं ३ ग्रॅम, म्हणजे पूर्ण बुडायला ९ ग्रॅम लागतात. मग मी त्याला ८ ग्रॅमच्या आसपास लोड देतो, गळ आणि आमिष धरून, म्हणजे फक्त रंगवलेलं टोक वर राहतं आणि माशाने नुसतं आमिष चाखलं तरी टोक हलतं. बादलीत घरीच सेट करून जायचं, काठावर बसून करत बसायचं नाही. या बाबतीत घरचा बोया विकतच्याइतकाच संवेदनशील आहे, मी दोन्ही शेजारी टाकून पाहिलेत. फक्त रंगाचं एक सांगतो, सगळे लाल-केशरी करतात, पण पाण्यावर उन्हाची चकाकी असेल तेव्हा काळं टोक जास्त स्पष्ट दिसतं. म्हणून मी दोन सेट ठेवलेत.

बाटल्यांची नैसर्गिक बुचं पण चांगली, पण बूच ठिसूळ असलं तर भोक पाडताना चिरतं आणि त्याला पाणी लागू नये म्हणून वरून रंगाचे दोन-तीन हात द्यावे लागतात. चप्पल जिंकली.

वजनांचं आता. इथे जरा सविस्तर लिहितो कारण लोक इथे चुकीच्या जागी पैसे वाचवतात. वजनं दगडात अडकून हरवतातच, त्यामुळे त्यावर खर्च करायचा जीव होत नाही हे कबूल. पण म्हणून घरी शिसं वितळवून वजनं ओतायची, हे कृपा करून करू नका. शिशाची धूळ आणि वाफ पोटात-छातीत जाते, लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो, आणि साच्यात पाण्याचा एक थेंब जरी राहिला तरी वितळलेलं शिसं त्या वाफेने उडून अंगावर येतं. स्वयंपाकाच्या भांड्यात शिसं वितळवणारे लोक मी पाहिलेत, आणि त्यातल्या एकाला मी समोर सांगितलंय की काका हे भांडं परत चुलीवर चढवू नका. तंगूसावर बसवायची फटीची शिशाची गोळी दातांनी दाबायची सवय असेल तर ती पण आजच सोडा, पक्कड वापरा, आणि हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका. ब्रिटनमध्ये तर पाणपक्षी, खासकरून हंस, या गोळ्या गिळून मरत होते म्हणून १९८७ पासून गरवायच्या बहुतेक छोट्या शिशाच्या वजनांवर बंदीच आहे.

मग पर्याय काय, तर लोखंडी नट. गंजलेले, भंगारातले, कसेही चालतात. माझ्या काट्यावर ८ एमएमचा नट साधारण ५ ग्रॅम, १० एमएमचा ११ आणि १२ एमएमचा १७ ग्रॅम भरतो, म्हणजे आयता सेट तयार. लोक म्हणतात लोखंड हलकं पडतं. शिशाची घनता पाण्याच्या ११.३ पट आहे आणि लोखंडाची जवळपास ७.८ पट, हे खरं, पण पाण्याखाली गेल्यावर १०० ग्रॅम शिसं ९१ ग्रॅमसारखं काम करतं आणि १०० ग्रॅम लोखंड ८७ ग्रॅमसारखं. फरक एवढाच. दगड बांधणारे पण आहेत, तिथे मात्र फरक मोठा आहे, १०० ग्रॅमचा दगड पाण्यात ६०-६२ ग्रॅमचाच उरतो, म्हणजे वाहत्या पाण्यात तो सरकत जाणार हे धरूनच चालायचं.

नटाचा खरा दोष वेगळा आहे आणि तो मला दोन ट्रिपनंतर कळला. तंगूस थेट नटातून ओवला तर आतले आटे करवतीसारखे त्याला घासतात. मी घरी येऊन भिंगाखाली पाहिलं तर नटाच्या जागी तंगूस पांढरट, केसाळ झालेला, नखाने ओढला तर खरखर लागत होती. म्हणून आता मी नट कधीच मेन लाइनवर, म्हणजे रीलवरून येणाऱ्या मुख्य तंगूसावर, ओवत नाही. नटाला वेगळा, मेन लाइनपेक्षा पातळ तंगूसाचा वीतभर तुकडा बांधतो आणि तो तुकडा स्विव्हलला. याचा दुसरा फायदा जास्त मोठा, नट दगडात अडकला की तो पातळ तुकडा तुटतो, नट जातो, पण गळ, स्विव्हल आणि बाकी सगळी लाइन परत येते. ही एक सवय लावलीत तर वर्षभरात किती गळ वाचतील ते तुम्हीच मोजा. आणखी एक, नट हवेत गिरक्या घेतो त्यामुळे लांब फेक करायची असेल तर मजा नाही, लाइनला पीळ पडतो. लांब फेकीसाठी लांबट बोल्टचा तुकडा बरा. फार खडकाळ जागी मी सुती कापडाची छोटी पुरचुंडी करतो, त्यात वाळू भरून दोऱ्याने बांधतो, ती फटीतून घसरून निघते आणि नाही निघाली तरी कापड कुजून जातं, वाळू वाळूत मिसळते.

रॉड ठेवायच्या स्टँडबद्दल मला काही शंकाच नाही, ते घरीच करा. दीड-दोन इंची पीव्हीसी पाइपचा मीटरभर तुकडा घ्यायचा (रॉडची मूठ आत सैल बसली पाहिजे, दुकानात जाताना रॉडच्या मुठीचं माप घेऊन जा), खालचं टोक तिरकं कापायचं म्हणजे वाळूत-मातीत घुसतं, वरच्या टोकाला रीलचा पाय बसेल एवढी खाच. कापलेल्या कडा घासून गोल करायला विसरू नका, नाहीतर मुठीचा फोम फाटतो. फूट-दीड फूट आत गेला पाहिजे. पहिल्या वेळी मी आळस केला, वीतभर घुसवला, आणि मोठ्या माशाने रॉडसकट पाइप उपटला, रॉड पाण्यात जाता जाता पकडला. आता पाइपला खालून हातभर अंतरावर आडवा बोल्ट टाकलाय, त्यावर पाय देऊन दाबायचं, फावड्यासारखं. हातोडा लागत नाही. विकतच्या तीन पायांच्या स्टँडपेक्षा हे वाऱ्यात जास्त स्थिर आहे असं माझं स्पष्ट मत आहे. खडकावर किंवा सिमेंटच्या काठावर मात्र पाइप निरुपयोगी, तिथे विकतचं स्टँडच लागतं, यात वाद नाही.

अलार्मसाठी कपड्याचा चिमटा आणि त्याला बांधलेले दोन घुंगरू. चिमटा रॉडच्या टोकाजवळ लावायचा. आवाज छान येतो, रात्री पण कळतं, सेल लागत नाही, पावसात बिघडत नाही. दोष दोन. वारा सुटला की सारखं वाजत राहतं, मग थोड्या वेळाने आपणच लक्ष देणं सोडतो आणि नेमका तेव्हाच मासा येतो. दुसरं, चिमटा ढिला असेल तर झटक्यासरशी उडून पाण्यात जातो, म्हणून त्याला हातभर दोरा बांधून रॉडला अडकवा. वाऱ्याच्या दिवशी मी वेगळं करतो, रील आणि पहिली रिंग यांच्यामध्ये लाइनवर बाटलीचं झाकण लटकवतो, झाकणाला एक चीर पाडलेली असते. लाइन थोडी सैल राहते आणि झाकण खाली लोंबतं. मासा ओढून न्यायला लागला की झाकण वर चढतं, मासा आपल्याकडे आला तर खाली पडतं. हे दुसरं जे आहे ना, मासा आपल्याकडे येतोय हे सांगणं, ते घुंगराला जमत नाही. इलेक्ट्रॉनिक अलार्म मित्राचा वापरलाय, चांगला आहे, झोपून गरवणाऱ्याने घ्यावा. जागं राहणाऱ्याला झाकण पुरतं.

आता ज्या चुकीबद्दल वर म्हटलं ती. पहिल्या वर्षी सगळंच घरी बनवायचं डोक्यात बसलं होतं, तेव्हा स्नॅप म्हणून सेफ्टी पिन वापरली. हाताने ओढून पाहिली, घट्ट वाटली. छोटे मासे व्यवस्थित आले त्यामुळे विश्वास बसला. मग एका संध्याकाळी रॉड असा वाकला की रीलमधून लाइन सुटायला लागली, चार-पाच मिनिटं मी त्याला खेळवत होतो, एकदा काठाजवळ पाठ दिसली, रुंद, आणि मग एकदम रॉड सरळ. लाइन गुंडाळून घेतली तर टोकाला सेफ्टी पिन जवळपास सरळ तार झालेली. मासा गेला याचं दुःख होतंच, पण जास्त हे लागलं की तो तोंडात गळ आणि मागे हातभर तंगूस घेऊन गेला. ती सरळ झालेली पिन मी अजून डब्यात ठेवलीय.

त्या दिवसापासून गळ, तंगूस, स्विव्हल, स्नॅप, स्प्लिट रिंग हे पाच मी घरी बनवत नाही. किचेनची छोटी रिंग स्प्लिट रिंगच्या जागी लावू नका, तिचं पण पिनसारखंच होतं, उघडते. पण विकतच्या वस्तूंचं आयुष्य वाढवणं हा पण पैसे वाचवायचाच प्रकार आहे आणि त्यात घरगुती गोष्टी खूप कामाला येतात. तंगूस रीलवर भरलेला असतो त्यातला वरचा अर्धाच सतत वापरात असतो, खालचा नवाच राहतो. एक-दोन सीझन झाले की अख्खी लाइन उलटी करून भरायची, खालची बाजू वर. मोकळ्या मैदानात दोन झाडांना गुंडाळून करता येतं. जुना तंगूस उन्हाने कमजोर होतो, म्हणून रील खिडकीत किंवा गाडीच्या काचेमागे ठेवू नका, जुन्या मोज्यात घालून कपाटात ठेवा. लाइन किती ओढ सहन करते हे तपासायला बॅग तोलायचा लटकता काटा वापरतो, गाठ बांधायची, काट्याला अडकवायची, हाताला जाड कापड गुंडाळून ओढायचं, चष्मा लावायचा, आणि आकडा पाहायचा. मी हे करून पाहिलं तेव्हा धक्काच बसला, कोरडीच आवळलेली गाठ आणि थुंकीने ओली करून हळू आवळलेली तीच गाठ यात माझ्या काट्यावर सरळ फरक दिसला, कोरडी आधी तुटली. घासून उष्णता होते आणि नायलॉन तिथेच मरतो. नायलॉन पाणी शोषून भिजल्यावर पण थोडा कमजोर होतो, म्हणून तासभर भिजवूनच टेस्ट करा, तोच खरा आकडा. याच काट्यावर मासा पण तोलता येतो, ओल्या पिशवीत घालून, नंतर पिशवीचं वजन वजा करून. म्हणजे मासे तोलायचा वेगळा काटा घ्यायची गरज उरली नाही.

गळ बोथट झाला की लोक फेकतात. नखं घासायची बारीक कानस घ्या, टोकाकडे जाणारे तीन-चार हलके हात मारा, आणि अंगठ्याच्या नखावर टोक टेकवून सरकवा. घसरलं तर अजून बोथट, नखात रुतून थांबलं तर तयार. घासलेल्या जागचं कोटिंग जातं त्यामुळे तो गळ लवकर गंजतो हे लक्षात ठेवा, खाऱ्या पाण्यात एक-दोन वेळाच चालतो.

ल्युअरबद्दल, म्हणजे नकली आमिषाबद्दल, लिहायला मला सगळ्यात जास्त आवडतं, कारण महागडे ल्युअर मुळात असेच घरी जन्मले. फिनलंडचा लॉरी रापाला हा मासेमार, त्याने १९३६ मध्ये आपला पहिला ल्युअर बुचाचा कोरला, चांभाराच्या सुरीने. वरून चकाकी यावी म्हणून चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि वार्निश नव्हतं म्हणून फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्याचा थर दिला. आज त्याच नावाचे ल्युअर जगभर विकले जातात. आणि चमच्याचा ल्युअर, ज्याला स्पूनच म्हणतात, त्याचं अमेरिकेतलं पेटंट ज्युलिओ ब्युएलने १८५२ मध्ये घेतलं, हातातला चमचा तळ्यात पडला आणि मासा त्यावर झेपावला असं त्याच्याबद्दल सांगतात. तर आपण पण चमच्यापासूनच सुरुवात करायची. जुना स्टीलचा चमचा, दांडी कापून टाकायची, दोन्ही टोकांना भोक, कडा नीट घासायच्या, पुढच्या भोकात विकतची रिंग आणि स्विव्हल, मागच्या भोकात रिंग आणि गळ. भोक पाडताना चमचा लाकडावर ठेवून आधी खिळ्याने खूण करा नाहीतर ड्रिल घसरतं आणि हात कापतो. पाण्यात ओढला की तो डोलला पाहिजे, गोल गोल फिरायला नको. फिरत असेल तर पक्कडीने थोडा वाकवा, परत बादलीत, परत वाकवा. माझा तिसऱ्या प्रयत्नात जमला, आणि त्याने मला विकतच्या स्पूनइतकेच मासे दिलेत, कमी नाही.

लाकडाचा किंवा बुचाचा ल्युअर कोरायचा असेल तर एकच अट. नाकापासून शेपटीच्या गळापर्यंत आतून एकच सलग स्टीलची तार गेली पाहिजे. बरेच जण पुढे एक आणि मागे एक आकडा स्क्रूसारखा फिरवून घालतात, दिसायला सारखंच दिसतं, पण मोठा मासा तो मागचा आकडा लाकडातून उपटून नेतो. ओढ तारेतून गेली पाहिजे, लाकडातून नाही. सेफ्टी पिनचाच धडा, दुसऱ्या कपड्यात.

डब्यांवर जास्त लिहीत नाही. औषधाच्या गोळ्यांचा कप्प्यांचा डबा गळांना आणि स्विव्हलना उत्तम. विकतचा एक मोठा टॅकल बॉक्स मी हौसेने घेतला होता, त्याची कडी दुसऱ्या महिन्यात तुटली, तेव्हापासून डबे घरचेच. फक्त रबरी मऊ ल्युअर, ते लिबलिबीत किडे असतात ना, ते कुठल्याही कडक प्लास्टिकच्या डब्यात टाकू नका. माझे दोन आठवडे तसेच राहिले आणि उघडलं तर किडे आणि डबा एकमेकांत विरघळून चिकटलेले, कप्प्याचा तळ मऊ पडलेला. ल्युअर मऊ ठेवणारं जे तेलकट रसायन असतं ते काही प्रकारच्या प्लास्टिकला खातं. डब्याच्या तळाला त्रिकोणात ५ आकडा असेल तर तो पॉलिप्रॉपिलीन, तो सुरक्षित, ६ असेल तर पॉलिस्टायरीन, तो नको. सगळ्यात बरं म्हणजे ते ज्या पिशवीत येतात त्यातच ठेवा. डब्यात बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी टाका, गळ गंजत नाहीत. आणि बांधून ठेवलेले गळ-लीडर (गळ बांधलेले तंगूसाचे तुकडे) गुंतू नयेत म्हणून चपलेच्या उरलेल्या सोलचीच पट्टी, कडेला चिरा पाडून त्यात तंगूस अडकवून गुंडाळायचा. एका जोडीतून चार बोये आणि दोन पट्ट्या निघतात.

गळ काढायला संपलेल्या बॉलपेनची नळी. टोकाला बोटाच्या पेराएवढी उभी चीर पाडायची, चिरेतून तंगूस आत घ्यायचा, तंगूस ताठ धरून नळी गळापर्यंत सरकवायची आणि थोडं पुढे ढकललं की गळ सुटतो. छोट्या माशाला हे पक्कडीपेक्षा चांगलं, तोंड फाटत नाही. मोठ्या दाताच्या माशाला लांब नाकाचं पक्कडच पाहिजे, बोट घालू नका.

जाळीबद्दल मात्र माझं मत घरगुतीच्या विरुद्ध आहे. मच्छरदाणीचं कापड लावून केली होती, पाण्यात इतकी जड होते की मासा आत घ्यायला उशीर होतो, आणि गळाचा काटा त्यात असा अडकतो की कात्रीच लागते. गाठी असलेल्या खरखरीत नायलॉनच्या जाळीने माशाच्या अंगावरचा चिकट थर निघतो, आणि तो थर त्याचं जंतूंपासूनचं कवच असतं. मासा परत सोडणार असाल तर बिनगाठीची किंवा रबरी जाळी विकत घ्या. मी नुसती दांडी घरची ठेवली, जाळी विकतची लावली. हात पण ओले करूनच मासा धरा.

गॉगलचं पण तसंच, स्वस्तात नुसता काळा चष्मा घेऊ नका. काळ्या काचेमागे डोळ्याची बाहुली मोठी होते आणि काचेला यूव्ही फिल्टर नसेल तर डोळ्यात जास्त किरणं जातात. पोलराइज्ड (पाण्यावरची चकाकी कापणारा) आहे की नाही हे पाहायला कॅल्क्युलेटरच्या किंवा लॅपटॉपच्या स्क्रीनसमोर धरून हळूहळू आडवा-उभा फिरवा, एका ठिकाणी स्क्रीन काळी पडली तर खरा. दुकानातच करून पाहा.

रीलच्या तेलासाठी शिवणयंत्राचं तेल वापरतोय, हँडलला आणि बेलच्या (रीलवर तंगूस गुंडाळून घेणाऱ्या तारेच्या) सांध्यांना एकेक थेंब, तीन वर्षं रील गुळगुळीत फिरतंय. स्वयंपाकाचं तेल चुकूनही नको, काही दिवसांत ते चिकट होतं आणि धूळ धरतं. ड्रॅगच्या (ओढ वाढली की लाइन सोडणाऱ्या ब्रेकच्या) वॉशरना हे तेल लावू नका. खाऱ्या पाण्यातून आल्यावर आधी ड्रॅग घट्ट करायचा म्हणजे आत पाणी जात नाही, मग गोड्या पाण्याचा हलका शिडकावा, नळाची जोरदार धार नको, ती मीठ उलट आत ढकलते. वाळल्यावर ड्रॅग परत सैल. रॉडच्या रिंगांमधून इअरबड फिरवायचा, कापसाचा तंतू कुठे अडकला तर तिथे बारीक तडा आहे असं समजा, तोच तडा लाइन कापत असतो. मी दर महिन्याला हे करतो आणि एकदा टोकाच्या रिंगमध्ये सापडलाय, नुसत्या डोळ्यांना दिसतच नव्हता.

ज्यांच्याकडे रॉड-रील पण नाही त्यांच्यासाठी एक सांगतो, रिकाम्या सरळ प्लास्टिकच्या बाटलीवर तंगूस गुंडाळा. टोक बाटलीला घट्ट बांधून वर चिकटपट्टी, मग नीट एकसारखे वेढे. एका हातात बाटली धरून तिचं तोंड पाण्याकडे करायचं, दुसऱ्या हाताने वजन फिरवून सोडायचं, वेढे तोंडावरून आपोआप सुटत जातात, स्पिनिंग रीलचं तत्त्व हेच आहे. पंचवीस-तीस पावलं आरामात जातं. मोठा मासा लागला तर तंगूस बोटाला गुंडाळू नका, कापतो, बाटलीलाच वेढे घाला, आणि बोटांना चिकटपट्टी लावूनच बसा. पहिल्यांदा गरवायला येणाऱ्या मुलांना मी हेच देतो. रॉडपेक्षा यात मासा हाताला जास्त कळतो, तो कुरतडतोय का ओढतोय हे थेट बोटात येतं.

आणि अशीच एक बाटली, छोटी, मी बॅगेला बाहेरून लटकवलीय. झाकणाला भोक आहे, त्यातून तुटलेल्या तंगूसाचे तुकडे आत ढकलायचे, माझे आणि काठावर पडलेले दुसऱ्यांचे पण. पक्ष्यांच्या पायात तो तंगूस गुंतला की त्यांना सोडवता येत नाही. गेल्या सीझनमध्ये ती बाटली दोनदा भरली.